सोंगक्रानच्या पाण्यात : भूकंपानंतरचं बँकॉक, एप्रिल २०२५

२८ मार्चला दुपारचे बारा वाजून गेले होते आणि फोनवर एकामागून एक व्हिडिओ येऊन पडायला लागले. बँकॉकमधल्या कुठल्याशा टॉवरच्या गच्चीवरच्या तलावातलं पाणी धबधब्यासारखं खाली कोसळत होतं. पाठोपाठ दुसरा व्हिडिओ : चतुचाकजवळ बांधकाम चालू असलेली तीस मजल्यांहून उंच सरकारी इमारत बघता बघता खाली बसली. आमची सोंगक्रानसाठीची, म्हणजे थाई नववर्षाच्या पाण्याच्या सणासाठीची, बँकॉकची तिकिटं ११ एप्रिलच्या रात्रीची होती.

भूकंप म्यानमारमधला, मंडालेजवळचा, ७.७ तीव्रतेचा. तिथून बँकॉक हजार किलोमीटरवर. पण हे शहर मऊ चिखलावर उभं आहे. लांबून येणारी संथ लाट त्या चिखलात वाढते आणि नेमके उंच टॉवर झुलायला लागतात. घरातल्यांनी, मित्रांनी एकच सल्ला दिला, तिकिटं रद्द करा.

माझी आजी आजोबांचं नाव कधी घेत नसे, नुसतं ‘हे’ म्हणायची. मीही माझ्या जोडीदाराला इथे ‘हा’ एवढंच म्हणणार आहे. त्याच्या घरी सगळं बोलून झालेलं नाही, म्हणून नाव घालत नाही. तर हा म्हणाला, “तू २०११ला गेलास तेव्हा तरी सगळं ठीक होतं का?”

नव्हतं. नोव्हेंबर २०११ म्हणजे महापुराचं वर्ष. मी सव्वीस वर्षांचा, एकटा, पहिल्यांदाच देशाबाहेर. डॉन म्युआंग विमानतळाची धावपट्टी पाण्याखाली होती, लोकांनी गाड्या उड्डाणपुलांवर नेऊन लावल्या होत्या. बँकॉकमधला सिलोम रस्त्याचा भाग कोरडा होता, तरी दुकानांपुढे वाळूची पोती आणि गुडघाभर उंचीच्या विटांच्या भिंती होत्या. सेव्हन-इलेव्हनमध्ये पाण्याच्या बाटल्यांची फळी रिकामी. थायलंडचा सीझन नोव्हेंबरात उघडतो आणि फेब्रुवारीपर्यंत चालतो, आणि त्या वर्षी तो उघडलाच नाही. सुरावोंग रस्त्याला लागून गे बारची एक गल्ली होती, तिला सगळे ‘सोई ट्वायलाइट’ म्हणत. तिथल्या एका बारमध्ये मी शिरलो तेव्हा आत पंधरा-सोळा मुलं आणि गिऱ्हाईक मी एकटा. त्यांतला एक जण बँकॉकच्या उत्तरेकडच्या आयुथयाचा होता. त्याचं घर छपरापर्यंत पाण्यात होतं. त्याने स्वतःच्या डब्यातला भात आणि तळलेलं अंडं माझ्यासमोर अर्धं करून ठेवलं आणि म्हणाला, “पाणी ओसरलं की परत ये.” माझ्यासारख्या दुसऱ्या पुरुषाशेजारी बसून, कुणाची भीती न बाळगता मी जेवलो तो तो पहिला दिवस.

आम्ही तिकिटं रद्द केली नाहीत.

शनिवार, १२ एप्रिल : पेन्सिलची तारीख

भारतीयांना तेव्हा, २०२५च्या एप्रिलमध्ये, व्हिसा लागत नव्हता, ६० दिवस राहता येत होतं. (१ मे २०२५पासून मात्र पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरावं लागतं. ते फुकट असतं, त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइटच्या नादी लागू नका.) विमानतळावरून रेल्वे, मग बीटीएस ही उंचावरून धावणारी मेट्रो, सिलोमवरच्या साला डेंग स्टेशनला उतरलो. एप्रिलचं ऊन आपल्या विदर्भासारखं कोरडं नाही, चिकट आहे. शंभर पावलांत शर्ट पाठीला चिकटला.

हॉटेल आठ मजली, जुनं. आम्ही मुद्दाम कमी उंचीचं निवडलं होतं. जिन्यात तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये भिंतीला एक तडा होता, केसापेक्षा थोडा जाड, वितीहून जरा लांब. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारलेली आणि शेजारी बारीक अक्षरांत तारखा : २९/३/६८, ५/४/६८, १२/४/६८. थायलंडमध्ये बुद्धसंवत चालतो, २०२५ म्हणजे तिथे २५६८. हॉटेलच्या देखभालीचं काम बघणारे काका दर शनिवारी येऊन तडा पुढे सरकलाय का ते बघत. आम्ही पोचलो तेव्हा ते तिथेच होते, पेन्सिल कानावर खोचलेली. आम्ही थबकलेले बघून त्यांनी पहिल्या रेघेवर बोट ठेवलं, मग शेवटच्या रेघेवर. दोन्ही एकाच जागी होत्या. मग त्यांनी भिंतीवर तळहात थापटला, गोठ्यात गाईच्या पाठीवर थापटतात तसा.

रिसेप्शनवरची ताई म्हणाली, भूकंपाच्या दिवशी गाड्या बंद पडल्या, ती चार तास चालत घरी गेली. पुष्कळ लोकांनी ती रात्र लुम्पिनी पार्कच्या गवतावर काढली. नंतरचे आठ दिवस तिचं काम एकच होतं, येणाऱ्या ईमेलना इमारत तपासून झाल्याचा दाखला जोडून उत्तर पाठवायचं. तरी बुकिंगं गेलीच. तिच्या मते चिनी पाहुण्यांची गळती त्याच्याही आधीची, जानेवारीपासूनची. तेव्हा एका चिनी नटाला थायलंडमार्गे म्यानमारच्या सीमेवर पळवून नेल्याची बातमी आली आणि चीनमध्ये लोकांनी थायलंडचा धसका घेतला. भूकंप त्याच्यावर येऊन पडला.

पैशांचं आत्ताच सांगून टाकतो. आम्हाला एक बाट अडीच रुपयांच्या थोडा वर पडला. २०११मध्ये मी एका बाटला पावणेदोन रुपयांच्या आत दिले होते, आणि तेव्हाही रुपया घसरलाय म्हणून घरी हळहळ चालली होती. विमानतळावर फार बदलू नका, शहरातल्या सुपररिचसारख्या दुकानांत भाव बरा मिळतो आणि शंभर डॉलरच्या कोऱ्या नोटेला सगळ्यांत चांगला. एटीएम दर खेपेला दोनशे बाटच्या वर शुल्क कापतं.

रविवार, १३ एप्रिल : सिलोम

सोंगक्रान हा शब्द आपल्या ‘संक्रांती’चाच. सूर्य मेषेत जातो ती संक्रांत, तोच थाई लोकांचा पारंपरिक नववर्षाचा सण. सकाळी घरोघरी बुद्धमूर्तीला स्नान घालतात आणि थोरांच्या तळहातांवर सुगंधी पाणी ओतून आशीर्वाद घेतात. दुपारनंतर रस्त्यावर पाण्याचं युद्ध.

आणि सिलोमवर तो आमचाही सण असतो. कडक उन्हाळ्यात एरवी पर्यटक पांगतात, पण या एका आठवड्यासाठी तैवान, सिंगापूर, हाँगकाँग, जपान, सगळीकडून गे मुलं बँकॉकला येतात. रात्री मोठमोठ्या सर्किट पार्ट्या, म्हणजे गे लोकांच्या नाचाच्या पार्ट्या, दुपारी सिलोमचा रस्ता. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मोठा सीझन आणि हा आठवडा त्याचा शेवटचा मोठा गल्ला. यानंतर पावसाळा, म्हणजे बारवाल्यांचे सुके महिने.

चार वाजता आम्ही साला डेंगच्या पुलावरून खाली बघितलं तर रस्ता दिसतच नव्हता. माणसंच माणसं, भडक फुलांचे शर्ट, वरून पाण्याचे फवारे. आत शिरल्यावर पहिल्या मिनिटात पाठीवर बर्फाच्या पाण्याची अख्खी बादली आली. हा ओरडला तो पुण्यात रंगपंचमीला ओरडतो तसाच. एका आजींनी, साठीच्या पुढच्या असाव्यात, लहानशा चांदीच्या वाटीतून माझ्या खांद्यावर हळूच पाणी ओतलं आणि हात जोडले. त्या दंग्यातही त्यांची वाटी वेगळी कळत होती.

सिलोमच्या सोई ४च्या, म्हणजे गे बारच्या चौथ्या गल्लीच्या, तोंडाशी दोन थाई पुरुष भेटले, पन्नाशीतले, एकसारख्या शर्टांतले. एकाने बोटातली अंगठी पुढे केली. २३ जानेवारीला समलिंगी विवाहाचा कायदा लागू झाला त्याच दिवशी त्यांनी लग्न नोंदवलं. त्या एका दिवसात देशभर अठराशेहून जास्त जोडप्यांनी नोंदणी केली. आग्नेय आशियातला हा पहिला देश. सतरा वर्षं एकत्र राहून त्यांना ते जमलं, आणि आम्हाला विचारलं, “तुमच्याकडे?” ह्याने सांगितलं, २०१८मध्ये समलिंगी संबंध हा गुन्हा राहिला नाही, २०२३मध्ये कोर्टाने लग्नाला नाही म्हटलं. तो माणूस काही बोलला नाही. भिजलेल्या हातांनी त्याने ह्याचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

गर्दी एवढी, मग सीझन बुडाला कुठे, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

जाणार असाल तर फोनला पाणी न जाणारी पिशवी घ्या, त्यात सुट्ट्या नोटा ठेवा. डोळ्यांना पोहण्याचा चष्मा, पायात पट्ट्याच्या सँडल. स्लिपर पहिल्या पाच मिनिटांत वाहून जातात. आणि थायलंडमध्ये ई-सिगरेट बेकायदा आहे, सोबत नेऊच नका.

सोमवार, १४ एप्रिल : बोटांवर मोजलेले सीझन

सकाळी गल्लीतल्या एका मावशींकडे खाओ चे खाल्लं. मोगऱ्याच्या वासाच्या बर्फाच्या पाण्यात शिजलेला मोकळा भात, सोबत कोळंबीच्या तळलेल्या गोळ्या, गोड शिजवलेल्या मांसाचे तंतू. फक्त उन्हाळ्यात मिळतं. एक घास तळणीचा, एक चमचा गार भात. ह्याला नाही आवडलं. मला लहानपणी माठाला टेकवून ठेवलेला दहीभात आठवला. नंतर नाम डोक माय आंबा आणि चिकट भात, त्यावर नारळाचं दूध. हापूसशी तुलना करणार नाही, दोघांचा धर्म वेगळा.

संध्याकाळी, गर्दी व्हायच्या आधी, सोई ४मधल्या एका बारमध्ये बसलो. गल्ल्यावर साठीचे गृहस्थ होते, ऐंशीच्या दशकापासून सिलोमवरच आहेत. मी २०११चा विषय काढला तसे ते खुर्ची ओढून बसले आणि बोटांवर मोजायला लागले. २००४च्या डिसेंबरात सुनामी, फुकेतचा पातोंग किनारा ऐन नाताळात गेला आणि तिथली मुलं काम शोधत इकडे आली. २००८मध्ये आंदोलकांनी विमानतळ अडवला, तोही नोव्हेंबरअखेर, सीझनच्या तोंडावर. २०१०मध्ये लाल शर्टवाले आंदोलक इथे साला डेंगच्या कोपऱ्यावर टायर आणि बांबूंच्या भिंती रचून बसले होते, ग्रेनेड फुटले. २०११चा पूर. २०१४मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि संचारबंदी लावली, म्हणजे रात्रीचा धंदाच बंद. मग कोविड. दुसऱ्या हाताचं दुसरं बोट त्यांनी भूकंपासाठी उघडलं.

“पण यांतल्या कशानेही मला महाग बाटएवढं नाही मारलं,” ते म्हणाले. “पुरात गिऱ्हाईक येत नाही, पुढच्या वर्षी येतं. बाट महाग झाला की गिऱ्हाईक येतं आणि एका बिअरवर तीन तास बसतं.”

मग त्यांनी कालच्या गर्दीचं सांगितलं. पार्ट्यांची तिकिटं महिनोनमहिने आधी विकली जातात, त्यामुळे ज्यांनी पैसे भरले होते ते आले. ऐन वेळी ठरवणारे, आठ-दहा दिवस राहणारे, रोज संध्याकाळी येऊन बसणारे वयस्क गिऱ्हाईक आलं नाही. त्यात २ एप्रिलला अमेरिकेने आयातशुल्कं जाहीर केली, थायलंडवर ३६ टक्के. आठवडाभरात स्थगिती आली, पण त्या मधल्या दिवसांत शेअर बाजार कोसळला आणि त्यांचे दोन जुने अमेरिकन पाहुणे, दर वर्षी येणारे, आपली पुंजी बघून घरीच राहिले. रस्त्यावरची तरुण मुलं सेव्हन-इलेव्हनमधून पिऊन येतात, नाचतात, जातात. मला हे कळायला हवं होतं. गणपतीत लक्ष्मी रोडवर मुंगी शिरायला जागा नसते तेव्हा आतल्या दुकानदाराची बोहनी झालेली असतेच असं नाही.

तोटा कुणाच्या अंगावर पडतो तेही तिथेच दिसलं. बँकॉकचं किमान वेतन तेव्हा दिवसाला ३७२ बाट होतं. वेटर मुलांची खरी कमाई टिपवर आणि गिऱ्हाईकाने त्यांना पाजलेल्या ड्रिंकमधल्या वाट्यावर. ड्रॅग शो, म्हणजे स्त्रीवेषातला नाच-गाण्याचा खेळ, करणाऱ्या कलाकाराला रात्रीचे ठरलेले थोडे पैसे आणि बाकी नाचताना हातात खोचलेल्या नोटा. मालक भाडं थकवतो, कर्ज काढतो. या मुलांचं मात्र त्याच रात्री कापलं जातं.

आम्हाला वाढणारा मुलगा पंचविशीचा, म्यानमारचा. सिलोमवर आणि पट्टायात म्यानमारहून आलेली मुलं खूप आहेत. त्याचं गाव मंडालेपासून मोटरसायकलने दोन तासांवर. घराची एक भिंत पडली, आई वाचली, शेजारचं कुटुंब गेलं. चार दिवस फोन लागला नव्हता. इथे चतुचाकच्या ढिगाऱ्याखाली अडकलेल्या मजुरांतही त्याच्या ओळखीचा एक जण होता आणि आम्ही रस्त्यावर पाणी उडवत होतो तेव्हाही तिथला शोध संपलेला नव्हता. “पैसे कसे पाठवतोस?” मी विचारलं. तो म्हणाला, “हुंडी.” मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण नाही, तोच शब्द, तोच व्यवहार. इथल्या दलालाला बाट द्यायचे, तिकडे त्याचा माणूस आईच्या हातात रोख ठेवतो. मार्चमध्ये त्याने नेहमीच्या निम्मे पाठवले होते, नेमके दुप्पट लागणार होते तेव्हा.

त्यांच्याकडेही याच दिवसांत पाण्याचा सण असतो. या वर्षी गावात कुणी पाणी खेळलं नाही, एवढंच तो म्हणाला आणि बर्फ आणायला गेला.

टिपविषयी माझं स्पष्ट मत आहे. बिलाच्या चामडी पाकिटात ठेवलेली नोट कुणाकडे जाते ते सांगता येत नाही. ज्याने वाढलं त्याच्या हातात द्या. शो बघितला तर शंभराची नोट तरी तयार ठेवा. फोटो फुकट काढू नका.

मंगळवार, १५ एप्रिल

पाण्याचा कंटाळा आला. सकाळी सुरावोंगला गेलो. सोई ट्वायलाइट राहिलेली नाही. ती जागा विकासकाने घेतली, बार उठले आणि काही पॅटपाँगच्या बाजूला गेले, हे मला आधीच माहीत होतं. तरी मी पत्र्याच्या कुंपणाशी उभा राहिलो. आयुथयाच्या त्या मुलाचं नाव मला कधीच कळलं नाही, बारमध्ये तो नंबरने ओळखला जायचा. पाणी ओसरल्यावर मी परत यायला चौदा वर्षं लावली. ह्याने काही न बोलता पाठीवर हात ठेवला.

सिलोम हा बांग राक जिल्ह्याचा भाग. थाईमध्ये ‘राक’ म्हणजे प्रेम, म्हणून लग्न नोंदवायला जोडपी मुद्दाम याच कार्यालयात येतात. सणाची सुट्टी होती, फाटक बंद. हा फाटकाच्या गजांतून आत बघत राहिला. मी फोटो काढू का म्हटलं तर नको म्हणाला.

बुधवार-गुरुवार, १६-१७ एप्रिल : जोमतियेन

बँकॉकच्या एकमाई स्थानकाहून बस, पट्टाया, तिथून सोंगथेवने, म्हणजे बाकं बसवलेल्या पिकअपने, शेजारच्या जोमतियेन किनाऱ्याला. पट्टायात सोंगक्रान १९ तारखेपर्यंत चालतो, त्यामुळे बँकॉक कोरडं झाल्यावरही इथे भिजायची तयारी ठेवा.

डोंगतान किनाऱ्यावर झाडांच्या सावलीत छत्र्या आणि आरामखुर्च्यांच्या रांगा. त्यांतला एक पट्टा वर्षानुवर्षं गे लोकांचा. शेजारच्या खुर्चीत एक इंग्रज आजोबा होते, सत्त्याहत्तर वर्षांचे. वीस वर्षांपूर्वी ते इथे राहायला आले तेव्हा पौंडाला सत्तर बाट मिळायचे, आता चव्वेचाळीस. शिवाय थायलंडमध्ये राहणाऱ्यांचं ब्रिटिश सरकारी पेन्शन वाढत नाही, गोठतं. भूकंपाचा त्यांना काहीच त्रास नव्हता, जोमतियेनला नुसता दिवा हलला होता. पूर्वी ते रोज संध्याकाळी बारमध्ये जात आणि पाच मुलांना ड्रिंक पाजत. आता आठवड्यातून एकदा जातात, तेही हॅपी अवरला. “मुलांना वाटतं मी कंजूस झालो,” म्हणाले आणि समुद्राकडे बघत राहिले. त्यांनी आम्हाला त्यांच्या छत्रीखाली घेतलं, कणसं मागवली, पैसे देऊ दिले नाहीत. आम्हीही हट्ट केला नाही.

सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, विकणाऱ्या बाईंकडे तिखट कमी सांगा. मी कोल्हापूरकडचा आहे म्हणून सांगितलं नाही आणि अर्धा तास बर्फ चोखत बसलो.

दुसऱ्या संध्याकाळी वाळूतून चालताना मागून मराठी ऐकू आलं. सात-आठ जण, सहलीला आलेले. आमचे हात आपोआप सुटले. ठरवून नाही, चटका बसल्यासारखे. त्यांतला एक पुढे आला, “पुण्याचे का? बाट काय भावाने घेतला?” चांगला माणूस होता. आम्ही भाव सांगितला, सुपररिचचं सांगितलं, तो आभार मानून गेला. ते लांब गेल्यावरही हात परत धरायला आम्हाला बरीच पावलं लागली.

शुक्रवार, १८ एप्रिल

परत बँकॉक. संध्याकाळी विजा, वळवाचा जोरदार पाऊस. सोई ४मध्ये दहा वाजता निम्म्या खुर्च्या रिकाम्या. पाहुणे गेले, थाई मुलं सुट्टी संपवून कामाला लागली. गल्ल्यावरचे गृहस्थ खांदे उडवून म्हणाले, आता नोव्हेंबर. तोवर त्यांनी दोन मुलांना रजा दिली होती. म्यानमारचा मुलगा टिकला होता.

स्टेजवर शो मात्र झाला. आम्ही धरून प्रेक्षक अकरा. लाल गाऊनमधली कलाकार एका जुन्या थाई गाण्यावर ओठ हलवत होती आणि अकरा जणांतल्या प्रत्येकाच्या टेबलाशी येऊन, डोळ्यांत बघून, एकेक ओळ म्हणत होती. आमच्यापाशी आली तेव्हा ह्याने नोट द्यायच्या आधी तिच्या तळहातावर ग्लासातलं थोडं पाणी ओतलं, थोरांना करतात तसं. तिची ओळ चुकली. तिने ह्याच्या कपाळाला ओला हात लावला आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

निघताना म्यानमारच्या मुलाच्या हातात पाकीट दिलं. त्याने उघडलं नाही, छातीशी धरून वाकला. मी फोन नंबर मागून घेतला. या वेळी नावही विचारून घेतलं.

शनिवार, १९ एप्रिल

सकाळी सहाला सामान घेऊन जिन्याने उतरलो, लिफ्ट असतानाही. तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये काका गुडघ्यावर बसलेले. पेन्सिलने रेघ मारून झाली होती, तारीख लिहीत होते. १९/४/६८. रेघ पहिल्याच जागी होती. आम्हाला बघून ते बाजूला सरले आणि ह्याची बॅग खालपर्यंत आणून दिली.